डोंगर एकाचा, गुरं दुसऱ्याची: रोमँटिक धाटणीचं जलरंग निसर्गचित्र कसं रंगवावं

जॉर्ज फेनेल रॉबसन आणि रॉबर्ट हिल्स हे रोमँटिक परंपरेतले, म्हणजे निसर्गाची भव्यता आणि भावना पुढे आणणाऱ्या धाटणीचे, दोन इंग्रज जलरंगकार कधी कधी एकाच कागदावर काम करायचे. डोंगर, पाणी, आभाळ रॉबसनचं. त्यात चरणारी गुरं किंवा हरणं हिल्सची. रॉबसन (१७८८–१८३३) मूळचा डरहॅमचा. तरुणपणी तो स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात भटकला आणि १८१४ साली त्याने ग्रॅम्पियन पर्वतांची चित्रमाला प्रसिद्ध केली. हिल्स (१७६९–१८४४) वयाने त्याच्याहून मोठा. १८०४ साली लंडनमध्ये जलरंगकारांनी स्वतःची संस्था काढली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक आणि तिचा पहिला सचिवही. जनावरांची त्याने शेकडो एचिंग्ज (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं) केली.

ही जोडी मला शिकवण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. माझ्याकडे येणारे बरेच जण डोंगर छान रंगवतात आणि शेवटी म्हणतात, "आता दोन गाई टाकूया." त्या गाई कागदावर चिकटवल्यासारख्या दिसतात. जलरंगात उजेड म्हणजे उघडा ठेवलेला कागद. गायीच्या पाठीवर ऊन हवं असेल तर ती जागा पहिल्या वॉशच्याही (पाणीदार रंगाच्या पातळ थराच्याही) आधी राखावी लागते. डोंगर रंगवणारा आणि गुरं रंगवणारा अशी दोन माणसं असोत की दोन्ही तुम्हीच असा, गुरांची जागा पेन्सिल हातात घेतल्याबरोबर ठरली पाहिजे. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती बांधलेली आहे.

कोणतं दृश्य

सरावासाठी मी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचं स्लिगाहनचं खोरं घेतो. रॉबसनने स्काय बेटावरच्या कूलिन पर्वतांची चित्रं केली आहेत, त्यामुळे विषय त्याच परंपरेतला आहे. स्लिगाहनहून दक्षिणेला पाहिलं की उजवीकडे स्गूर नन गिल्यन हे ९६४ मीटर उंचीचं दातेरी शिखर दिसतं. त्याचा खडक गॅब्रो, काळपट आणि खरबरीत. डावीकडे ७३६ मीटरचा मार्स्को. तो ग्रॅनाइटचा, गोलसर, संध्याकाळच्या उन्हात तांबूस दिसणारा. खोऱ्यातून नदी वळत येते. एका बाजूला थंड काळा डोंगर, दुसऱ्या बाजूला उबदार तांबडा, मध्ये चमकणारं पाणी आणि पुढे ओलसर कुरण. चित्राची अर्धी मांडणी निसर्गानेच करून ठेवली आहे.

वेळ संध्याकाळची धरू. आपलं तोंड दक्षिणेला, म्हणून सूर्य उजवीकडे. मार्स्कोच्या पश्चिम उतारावर ऊन पडेल, स्गूर नन गिल्यनची आपल्याकडची उत्तरेची बाजू सावलीत राहील आणि गुरांच्या उजव्या कडा उजळतील. हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. डोंगरावर ऊन उजवीकडून आणि गायीवर डावीकडून, ही चूक अगदी अनुभवी हातांकडूनही होते.

सामान

कागद हाफ इम्पीरियल, म्हणजे साधारण ३८ × ५६ सेंमी. ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस्ड (किंचित खरबरीत पृष्ठभागाचा). या चित्रात कागदावरून रंग पुसून काढणं, स्पंजने उचलणं, ब्लेडने खरवडणं असे बरेच अत्याचार आहेत. त्या काळच्या चांगल्या कागदाला जिलेटिनचं सायझिंग (रंग लगेच आत मुरू नये म्हणून दिलेली खळ) असायचं, म्हणून तो हे सगळं सोसायचा. आपल्याकडचा हातकागद दिसायला देखणा असतो, पण सायझिंग कमी असेल तर रंग आत मुरतो आणि मग उचलता येत नाही. कागद विकत घेतलात की कोपऱ्यावर अल्ट्रामरीनचा पट्टा मारा, पूर्ण वाळू द्या, ओल्या ब्रशने चोळून टिश्यूने टिपा. पट्टा निम्म्याहून अधिक फिका झाला तर कागद कामाचा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी कागद पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बंद करून, सिलिका जेलची पुडी घालून ठेवावा. बुरशी सायझिंग खाते. अशा कागदावर वॉश दिला की मध्येच गडद ठिपके उमटतात आणि त्यांवर काहीच उपाय चालत नाही.

रंग सातच पुरतात: रॉ सिएना, लाइट रेड, बर्न्ट सिएना, पर्मनंट अलिझरिन, कोबाल्ट ब्लू, फ्रेंच अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. काळा रंग पेटीतून काढून बाजूला ठेवा. हिरव्याचीही गरज नाही.

त्या काळच्या पेटीतला एक रंग मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंडियन यलो नावाचा झळझळीत पारदर्शक पिवळा बंगाल प्रांतातून विलायतेला जायचा. तो कशापासून होतो हे तिथल्या लोकांना नीट माहीत नव्हतं. १८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी बिहारमधल्या मुंगेरजवळच्या मिर्झापूरला जाऊन माहिती काढली आणि लिहून पाठवली: गवळी गाईंना आंब्याची पानं खायला घालतात आणि त्यांचं मूत्र आटवून हा रंग करतात. त्या गाई खंगलेल्या दिसत होत्या, असंही त्यांनी नोंदवलं. युरोपातल्या कित्येक चित्रांमधलं सोनेरी ऊन आपल्याकडच्या गाईंच्या हालातून आलेलं आहे. आज त्या नावाची ट्यूब मिळते ती वेगळ्या, कृत्रिम रंगद्रव्याची असते.

ब्रश: एक मोठा मॉप (भरपूर पाणी धरणारा जाड, मऊ ब्रश), एक १२ नंबरचा गोल, एक ६ नंबरचा टोकदार आणि एक जुना, केस फिसकटलेला. त्याशिवाय नैसर्गिक स्पंजचा तुकडा, नवं ब्लेड, टिश्यू, गम अरेबिक या डिंकाची छोटी बाटली आणि मास्किंग फ्लुइड (लावलेल्या जागी रंग बसू न देणारा, नंतर चोळून काढायचा रबरी द्रव).

कागद ताणणं

बादलीत गार पाण्यात कागद दहा मिनिटं बुडवा, उचलून पाणी निथळू द्या, लाकडी बोर्डवर पसरा आणि चारही कडांना पाणी लावून चिकटवायची कागदी गम टेप लावा. सेलोटेप किंवा मास्किंग टेप इथे निरुपयोगी आहे, ओल्या कागदाला ती धरत नाही. बोर्ड आडवा ठेवूनच वाळवा. उभा केला तर पाणी खालच्या कडेला जमून टेप सुटते. विदर्भातल्या एप्रिलमध्ये दोन तासांत काम होतं, कोकणातल्या जुलैमध्ये रात्रभर थांबावं लागतं. पंखा लावू नका. एक बाजू आधी आकसते आणि कागद तिरका ओढला जातो.

छोटा आराखडा

कागद वाळेपर्यंत काडेपेटीच्या दुप्पट आकाराचे तीन-चार आराखडे करा. एकच रंग, सेपिया किंवा बर्न्ट सिएना अधिक अल्ट्रामरीन. फक्त तीन छटा: कोरा कागद, मधली, गडद.

अठराव्या शतकातले निसर्गप्रेमी प्रवासी यासाठी क्लोद ग्लास नावाचा काळसर, किंचित फुगीर आरसा खिशात बाळगायचे. निसर्गाकडे पाठ करून त्यात प्रतिबिंब पाहायचं. सगळे रंग मंदावतात, बारीक तपशील जातो आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे दिसतात. कवी थॉमस ग्रे १७६९ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये असाच आरसा घेऊन फिरला होता. तुमच्या खिशातला बंद केलेला मोबाइल जवळपास तेच काम करतो. काळ्या स्क्रीनमध्ये मागचा डोंगर बघा. सह्याद्रीत बाहेर बसून काम करताना मी हे नेहमी करतो, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा हिरवा रंग डोळ्यांवर एवढा आदळतो की छटा कळेनाशा होतात.

आराखड्यात सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा शेजारी शेजारी कुठे येतात ते पाहा. आपल्या चित्रात ती जागा नदीच्या वळणाजवळ, गुरांच्या मुख्य घोळक्यापाशी हवी. शिखरापाशी नको. शिखर आकाराने मोठं आहेच, नजर तिकडे आपोआप जाते. तिला खाली, माणसाच्या जगात परत आणण्याचं काम गुरांचं.

नजररेषा आणि गुरांची मापं

इथे थांबून गणित करा, कारण शेवटी दुरुस्त न होणारी चूक हीच.

डोंगर असले की खरी क्षितिजरेषा त्यांच्यामागे लपते. ती म्हणजे डोंगराचा पायथा नव्हे; ती आपल्या डोळ्यांच्या पातळीची रेषा. सपाट कुरणात उभ्या माणसाची नजर साधारण १.६ मीटरवर, आणि हायलँड जातीच्या गायीची पाठ धरा १.१ मीटरवर. म्हणजे गाय जवळ असो वा लांब, तिची पाठ खुरापासून नजररेषेपर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांशाच्या जरा वर येणार. स्टुलावर बसून काढत असाल तर तुमची नजर जवळपास गायीच्या पाठीएवढीच उंच असते, मग सगळ्या गुरांच्या पाठी एकाच रेषेत येतात. आणि लहानशा टेकाडावर उभे असाल, डोळे कुरणापासून ३.३ मीटर वर असतील, तर गाय त्या अंतराच्या एक तृतीयांश.

आपण टेकाड घेऊ, म्हणजे कुरण पसरलेलं दिसेल. कागदाच्या तळापासून १३ सेंमीवर नजररेषा हलकी आखा. पुढच्या घोळक्याचे खूर तळापासून ४ सेंमीवर: नजररेषा ९ सेंमी वर, म्हणून गाय ३ सेंमी उंच. त्यामागची गाय, खूर ७ सेंमीवर: २ सेंमी उंच. नदीकाठची लांबची गुरं, खूर ११.२ सेंमीवर: जेमतेम ६ मिलिमीटर. ही मापं पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघांनी कागदावर मांडून ठेवा. इतकं केलं की गाय रंगवता आली नाही तरी ती जमिनीवर उभी दिसते. मापं चुकली तर उत्तम रंगवलेली गायही हवेत तरंगते किंवा म्हशीएवढ्या उंदरासारखी दिसते.

आता डोंगराची उंची. ५ किलोमीटरवरून ९६४ मीटरचं शिखर नजरेला जेमतेम ११ अंश उंच दिसतं. ५६ सेंमी रुंदीच्या कागदात ५० अंशांचा देखावा बसवला, तर कागदावर ते नजररेषेच्या वर साडेअकरा सेंमीच्या आसपास येतं. कॅमेरा तेवढंच देतो, म्हणूनच फोटोतले डोंगर आपल्याला बुटके वाटतात. रोमँटिक चित्रकार ही उंची बिनदिक्कत वाढवायचे. तुम्ही १६-१७ सेंमीपर्यंत जा. रुंदी मात्र तेवढ्या प्रमाणात वाढवू नका, आणि गुरांच्या मापांना हात लावू नका. डोंगराचं मोठेपण गायीच्या लहानपणावर उभं असतं.

किती गुरं, कशी उभी

याविषयी विल्यम गिल्पिन या इंग्रज पाद्र्याने १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात अगदी ठाम मत दिलं आहे. दोन गाई एकमेकींशी जुळत नाहीत. तीन असल्या तर घोळका जमतो, फक्त सगळ्या एकाच पवित्र्यात आणि समान अंतरावर नकोत. दोघी जवळ, तिसरी थोडी बाजूला. चार असतील तर तिघींना एकत्र करून चौथीला दूर ठेवावं. सव्वादोनशेहून अधिक वर्षं झाली, पण मला याहून चांगला नियम सापडलेला नाही.

माझी मांडणी अशी: पुढे उजवीकडे दोन, एक चरणारी आणि एक मान वर केलेली, अंगं एकमेकांवर थोडी चढलेली. तिसरी बसलेली, जरा डावीकडे. मागे २ सेंमीची एकटी गाय नदीकडे तोंड करून. आणि नदीकाठी चार-पाच ठिपके. मान वर केलेली एकच पुरे. सगळ्यांनी माना वर केल्या की काहीतरी घडतंय असं वाटतं, आणि या चित्रात शांतता हवी.

गाय पेन्सिलीत

मराठी हाताला इथे एक खास अडचण येते. आपण लहानपणापासून खिल्लार, डांगी, गवळाऊ बघत आलो. हात आपोआप खांद्यावर वशिंड काढतो आणि गळ्याखाली लोंबणारी पोळी. युरोपातल्या गुरांना वशिंड नसतं. पाठीची रेघ खांद्यापासून शेपटीपर्यंत जवळजवळ सरळ जाते. हायलँड गाय बुटकी, रुंद, पायांनी आखूड, अंगभर लांब केस, कपाळावर झिपऱ्या, आणि शिंगं आडवी फाकून टोकाला वर वळलेली. आज चित्रांत ती तांबडी दिसते; रॉबसनच्या काळात स्काय बेटावरची गुरं बहुतेक काळी असायची. ही गुरं बाजारासाठी निघाली की काइलरीच्या सामुद्रधुनीतून, एकीच्या शेपटीला दुसरीचा जबडा दोरीने बांधून, पोहत मुख्य भूमीवर नेली जात आणि तिथून पुढे पायी फॉल्कर्कच्या जत्रेपर्यंत. दमदार, खडबडीत जनावरं. काढताना तो दणकटपणा विसरू नका.

आधी आडवी चौकट काढा. तिचा वरचा निम्म्याहून थोडा जास्त भाग धड, उरलेले पाय. केसांमुळे हायलँडचे पाय आणखी आखूड वाटतात. चरणारी असेल तर मान खांद्यातून खाली तिरपी येते आणि तोंड गवतात बुडतं. नाकपुडी काढायचीच नाही, ती गवतात आहे. मागच्या पायाचा मधला सांधा मागच्या बाजूला वळतो, गुडघ्यासारखा पुढे नाही. पुढचे पाय जवळपास सरळ खांबासारखे, पण चरताना एक पाय हमखास पुढे असतो. बसलेली गाय काढताना लक्षात ठेवा की गाय आधी पुढचे गुडघे टेकून बसते आणि उठताना मागचा भाग आधी उचलते. त्यामुळे बसलेल्या गायीचे पुढचे पाय छातीखाली दुमडलेले असतात.

३ सेंमीच्या गायीत डोळा काढू नका. हिल्स काढू शकायचा, कारण त्याने आयुष्यभर जनावरं रेखाटली. आपण आठवडाभर गावाबाहेरच्या माळावर किंवा गोठ्यासमोर बसून रोज वीस झटपट रेखाटनं केली तरी खूप फरक पडतो. जात वेगळी असली तरी चालण्या-बसण्याची रीत तीच आहे.

उजेड राखणं

पुढच्या तीन गुरांच्या पाठीची उजवी कड, शिंगं आणि नदीवरच्या दोन-तीन चकाकत्या रेघा, एवढ्यांवरच मास्किंग फ्लुइड. जुन्या ब्रशला आधी साबण लावा, मग फ्लुइड. पूर्ण गाय मास्क करू नका. कात्रीने कापल्यासारखी कडक कडा उरते. फ्रान्सिस निकल्सन या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस मेणमिश्रित द्रव लावून पांढऱ्या जागा राखायची पद्धत वापरली होती, म्हणजे ही युक्ती नवी नाही. पांढरा रंग नंतर लावण्याचा मार्ग त्या पिढीला तितका सोपा नव्हता. चायनीज व्हाइट नावाचा भरवशाचा जलरंगी पांढरा बाजारात आला तो १८३४ मध्ये, रॉबसनच्या मृत्यूनंतर.

पहिला उबदार वॉश

बोर्ड मागून दोन इंच उचला. रॉ सिएनात चिमूटभर लाइट रेड, भरपूर पाणी, चहापेक्षाही फिका. संपूर्ण कागदावर, आभाळापासून तळापर्यंत. मार्स्कोच्या जागी आणि क्षितिजाजवळ लाइट रेड थोडा वाढवा. फक्त नदी आणि गुरांच्या पाठी कोऱ्या. हा वॉश हाताला पूर्ण कोरडा लागेपर्यंत थांबा. हाताच्या मागच्या बाजूने कागदाला स्पर्श करा. गार लागला तर आत अजून ओल आहे. हा वॉश नंतर जवळजवळ कुठेच उघडा दिसणार नाही, पण वर येणाऱ्या सगळ्या निळ्या-करड्यांना तो आतून एकत्र बांधतो. घाईत तो गाळला तर आभाळ आणि जमीन दोन वेगळ्या चित्रांतली वाटतात.

आभाळ

कागद वरच्या भागात स्वच्छ पाण्याने ओला करा. वरून कोबाल्ट ब्लूत थोडा लाइट रेड, खाली येताना पाणी वाढवत, क्षितिजाच्या वर चार बोटांवर संपवा. ओल असतानाच उजवीकडे ढगांची करडी खालची बाजू: अल्ट्रामरीन अधिक लाइट रेड. ढगांची उजवी कड टिश्यूने एकदाच टिपा, चोळू नका. दहा मिनिटांत आभाळ संपलं पाहिजे. आभाळात जास्त गोष्टी सांगू नका, या चित्रात बोलायचं आहे डोंगराने.

जुन्या कृतींमध्ये ढगांच्या करड्यासाठी इंडिगो आणि इंडियन रेड यांचं मिश्रण सुचवलेलं असतं. ते करू नका. खरी नीळ उजेडात उडते आणि लाल मागे राहतो. त्या काळच्या बऱ्याच चित्रांतलं आभाळ आज गुलाबीसर दिसतं त्याचं कारण हेच. १८८८ साली रसेल आणि ॲब्नी या शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा परिणाम तपासून अहवाल दिला, तेव्हा हा प्रश्न इंग्लंडमध्ये चांगलाच गाजला होता.

डोंगर, तीन थरांत

सर्वांत लांबची रांग आधी: कोबाल्ट आणि अगदी थोडा अलिझरिन, आभाळापेक्षा जेमतेम गडद. वरची कड स्पष्ट ठेवा, खालची कड पाण्याने विरघळवा. प्रत्येक डोंगराच्या बाबतीत हेच: माथा स्पष्ट, पायथा धुक्यात. आपल्याकडे पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या बाजूला ढग खोऱ्यात साचतात तेव्हा नेमकं हेच दिसतं, त्यामुळे महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे कळायला फोटोची गरज नाही.

मग मार्स्को. रॉ सिएना आणि लाइट रेडचा ओला वॉश, त्यात डाव्या, सावलीच्या बाजूला कोबाल्ट सोडा आणि कागद तिरका करून दोन्ही रंगांना आपसात मिसळू द्या. इथे ब्रश जितका कमी फिरेल तितकं बरं. उतारावरच्या घळी नंतर, वॉश अर्धवट वाळलेला असताना, ओलसर ब्रशच्या टोकाने उचलून काढा.

आणि मग स्गूर नन गिल्यन. हा चित्राचा कणा, म्हणून याला दोन बैठकी द्या. पहिल्या बैठकीत अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि किंचित अलिझरिन यांचा मध्यम जांभळट करडा. सगळं शिखर एका दमात, वरून खाली. पायथ्याशी पोचताना ब्रशमध्ये नुसतं पाणी. रंग चकचकीत ओला दिसतोय तोवर त्यात रॉ सिएनाचे दोन-तीन थेंब सोडा. गॅब्रोच्या खडकावरचं शेवाळ आपोआप दिसू लागतं. चकाकी गेली की हात मागे घ्या. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाण्याचा थेंब पडला की फुलकोबीसारखी कड उमटते.

दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी. तोच रंग, पण सायीएवढा दाट, आणि त्यात गम अरेबिकचे दोन थेंब. त्या काळी गडद भागांत गम घालायची पद्धत होती. त्याने अंधार खोल आणि पारदर्शक होतो, काजळीसारखा मठ्ठ राहत नाही. जास्त घातला तर मात्र तडे जातात. या रंगाने फक्त घळी, कातळभिंती आणि दातेरी कडेखालची सावली. जुना फिसकटलेला ब्रश आडवा ओढला की खडकाचा खरबरीत पोत मिळतो. शिखराच्या आकाराला तेव्हाच जोर येतो जेव्हा सावलीचे तुकडे एकाच दिशेने तिरके जातात. त्यांची दिशा पेन्सिलीत नक्की केलेली असू द्या.

धुकं आता. दुसरा थर पूर्ण वाळल्यावर स्पंज स्वच्छ पाण्यात भिजवून पिळा, डोंगराच्या कमरेला आडवा हळुवार फिरवा आणि लगेच टिश्यू दाबा. दोनदा, फार तर तीनदा. उबदार पहिला वॉश आतून परत डोकावतो आणि धुक्याला संध्याकाळचा रंग येतो. पहिल्या वॉशसाठी केलेला धीर इथे कामी येतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना सहज उचलले जातात. प्रशियन ब्लू कागदात घट्ट बसतो, म्हणून डोंगरात तो वापरायचा नाही.

नदी आणि कुरण

नदी पटकन उरकते. कोरा कागद हाच मुख्य रंग. वरच्या कडेला आभाळाचा निळसर करडा, डोंगराच्या खाली त्याच्या काळोखाचं विरलेलं प्रतिबिंब, उभ्या फटकाऱ्यांनी, आणि वाळल्यावर एक-दोन आडव्या रेघा उचलायच्या.

कुरणाचा हिरवा प्रशियन ब्लू आणि रॉ सिएनातून करा, त्यात लाइट रेड घालून त्याची धार मोडा. लांबचं गवत करडंसर, जवळचं तपकिरी-पिवळं. स्कॉटलंडचं कुरण आपल्या श्रावणातल्या पठारासारखं पोपटी नसतं. शेवाळ, दलदल, हेदरची जांभळट झुडपं. पुढच्या डाव्या कोपऱ्यात मोठे दगड आणि गडद झुडपं घ्या, म्हणजे नजर तिथे अडून उजवीकडे वळते. गुरांच्या लगेच मागची जमीन मात्र मध्यम-उजळ ठेवा. काळी गाय उजळ गवतावर, तिची उजळ कड गडद झुडपावर: दोन्ही एकाच जनावराच्या दोन बाजूंना मिळालं तर गाय उठून दिसते, बाह्यरेषा लागत नाही.

गुरं

आता हिल्सचं काम. मास्किंग बोटाने हलकेच चोळून काढा. पाठीची कोरी कड फार पांढरी दिसेल. तिच्यावर रॉ सिएनाचा पातळ हात फिरवा, शिंगांची टोकं तशीच.

काळी गाय रंगवायची अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून. पाठीकडे निळा जास्त, कारण तिथे आभाळाचा उजेड पडतो. पोटाखाली बर्न्ट सिएना जास्त, कारण तिथे जमिनीचा तांबूसपणा वर येतो. एकाच ओल्या वॉशमध्ये ही दोन टोकं मिसळली की गायीला गोलाई येते. एक गाय तांबूस करा, बर्न्ट सिएनाची, म्हणजे मार्स्कोचा रंग पुढे आणून ठेवल्यासारखा होईल. पहिला वॉश वाळला की फक्त तीन गडद जागा: मान आणि खांद्याच्या मधली घडी, पोट आणि मागची मांडी जिथे मिळतात ती जागा, पलीकडचे दोन पाय. पलीकडचे पाय अलीकडच्यांपेक्षा गडद आणि कमी तपशिलाचे. लांब केसांसाठी अर्धवट सुकलेला टोकदार ब्रश पोटाखालून गवतात दोन-चार वेळा ओढा. खुरांवर गवत चढू द्या.

सावली डावीकडे, लांब, जमिनीच्या चढउतारांवरून वळत जाणारी. गाय ओली असतानाच सावली तिच्या पायांना जोडा. दोन्ही एका रंगात वाहू देत. गाय जमिनीला इथे चिकटते.

मागच्या एकट्या गायीला एकच वॉश, एकच गडद फटकारा. नदीकाठच्या गुरांना एकेक ठिपका, प्रत्येक ठिपका आडवा आणि खालून किंचित फाटलेला. त्यांचा रंग डोंगराच्या करड्यातून घ्या, पुढच्या गुरांच्या काळ्यातून नव्हे, नाहीतर ती पाच पावलांवर आल्यासारखी वाटतील.

शेवटचे हात

ब्लेडच्या कोपऱ्याने गवताची दोन-तीन पाती, पाण्यावरची एखादी चमक खरवडा. कागद शंभर टक्के कोरडा हवा. त्याच काळातला प्रसिद्ध इंग्रज चित्रकार टर्नर अशा कामासाठी अंगठ्याचं नखही वापरायचा. खरवडलेल्या जागेवर पुन्हा रंग लावू नका, तिथलं सायझिंग गेलेलं असतं आणि रंग डागासारखा पसरतो.

काही बिघडलं असेल तर: गाय फार मोठी झाली तर तिचे पाय गवतात बुडवून उंची कमी करता येते. डोंगर फार गडद झाला तर पूर्ण वाळवून मॉप ब्रशने स्वच्छ पाण्याचा एकच हात फिरवा आणि टिपा. आभाळ बिघडलं तर मात्र नवा कागद घ्या.

चित्र दोन दिवस भिंतीशी उलटं करून ठेवा, मग आरशात बघा. गुरं बोटाने झाका. झाकल्यावर डोंगर लहान वाटू लागला तर मांडणी जमली आहे. काहीच फरक पडला नाही, तर बहुतेक वेळा गुरांच्या मागची जमीन गडद झालेली असते. ती थोडी उचला. टेप कापताना आधी एक लांब बाजू, मग समोरची, मग उरलेल्या दोन. फ्रेम करताना ॲसिड-फ्री माउंट लावून घ्या म्हणजे काच कागदाला टेकणार नाही, आणि आपल्या दमट हवेत मागची बाजू टेपने बंद करा. खिडकीसमोरची भिंत टाळा.